चपलांचा ढीग

पळण्यात मला गाठणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. एक आमचं कुत्रं सोडलं तर. आणि आमची म्हातारी. आणि खरं सांगायचं तर म्हातारीची शेळीसुद्धा. ते जाऊ द्या, गोष्ट ऐका.

एका गावात एक शाळा होती. शाळेला मैदान होतं, मैदानाच्या कडेला चिंच होती आणि खेळाच्या तासाला निम्मी शाळा त्या चिंचेखाली बसलेली. कुणाचं पोट दुखे, कुणाचा पाय मुरगळे. शाळा सुटली की हीच लंगडी मंडळी बोरं पाडायला सगळ्यांत पुढे!

हेडमास्तर तापले. खेळाच्या गुरुजींना म्हणाले, "शनिवारी मी स्वतः येतो. चिंचेखाली एक जरी बसलेला दिसला, तर हा तास गणिताला."

आता मात्र पोरांच्या पोटात खरंच कळ आली. सगळी मैदानात उतरायला तयार झाली. एक हौसा सोडून.

हौसा दर तासाला चिंचेखाली बसून सगळ्यांच्या चपला राखायची. गुरुजी रागावले, ती हलली नाही. गुरुजींनी शेंगदाण्याचा लाडू दिला. तिनं तो खाल्ला, हात पुसले आणि परत बसली.

शेवटी गुरुजीच तिच्याशेजारी मातीत बसले.

"का गं, खेळ आवडत नाही?"

"आवडतो की."

"मग?"

"दोन म्होरके गडी वाटून घेतात, गुरुजी. मी उरते शेवटी. मग दोघं भांडतात, 'तू घे, तू घे.' त्यापेक्षा पोट दुखलेलं बरं."

गडी वाटायची ही रीत गुरुजींनीच घालून दिली होती.

शनिवारी हेडमास्तर आले, चिंचेखाली खुर्ची टाकून बसले. गुरुजी पोरांना म्हणाले, "आज कोणी कोणाला निवडायचं नाही. प्रत्येकानं एकेक चप्पल मधे टाका. हौसा, तूसुद्धा."

गुरुजींनी डोळ्यांना पंचा बांधला, ढीग ढवळला. एक चप्पल डावीकडे, एक उजवीकडे. ज्याची चप्पल जिकडे, तो गडी तिकडचा.

तिसरीच चप्पल निघाली दोऱ्यानं शिवलेल्या अंगठ्याची. "हौसाची!" पोरं ओरडली. हौसा दचकली, उठली आणि डावीकडे जाऊन उभी राहिली.

सगळ्यांत शेवटी निघाली एका म्होरक्याची. तोवर तो एकटाच उभा, तोंड एवढंसं झालेलं.

"ये रे," हौसा म्हणाली, "आमच्यातच आलास."

खो-खो सुरू झाला. तुम्हाला वाटलं असेल, हौसानं डाव जिंकून दिला. अहो, कशी देईल? तीन वर्षं चपला राखत होती ती! उतरली आणि बाद झाली. पण कोणी हसलं नाही. म्होरका एवढंच म्हणाला, "पुढच्या डावात खांबाला चिकटून वळ." आणि पुढच्या डावात ती पुन्हा उतरली.

हेडमास्तर खूश. खुर्चीतूनच म्हणाले, "तास राहिला! पोरांनो, तात्पर्य: कोणी शेवटी उरणार नाही अशी रीत ठेवली, की खेळायला कोणाला ओढावं लागत नाही. मैदान सगळ्यांचं. सावलीत बसून राहायचं कोणीच नाही!"

हौसानं धापा टाकत हात वर केला.

"सर, चिंचेखाली अजून एकजण बसलेत. त्यांची चप्पल ढिगात टाकू का?"