एकाच साच्यातले

मातीचे बैलही बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. पोळ्यासाठी सगुणा कुंभारणीने एकाच साच्यातून दोन बैल काढले, उन्हात वाळवले आणि एकाची शिंगे आधी रंगवली.

"साचा एक, माती एक, मग मान तुलाच का?" दुसरा धुसफुसला.

"अरे, तिला हात दोनच आहेत. थांब की जरा!"

तो कसला थांबतोय! धडक देऊन त्याने भावाचे रंगवलेले शिंग मोडले.

तेवढ्यात गिऱ्हाईक आले. "आम्ही जोडीच पुजतो, बाई. ही कसली जोडी?" म्हणत निघून गेले.

सगुणाने दोघांनाही भिजवले, एकत्र मळले आणि पुन्हा साच्यात दाबले. तेव्हापासून हुबेहूब दिसणाऱ्यांना लोक 'एकाच साच्यातले' म्हणू लागले. आपल्यातला शिंग मोडणारा कोण, हे मात्र त्या नव्या बैलांनाही सांगता येईना.