सुगंधाबाईनं गिळलेला तिसरा बोल

डोंगराच्या पोटाशी होतं एक गाव. राजा नाही, राणी नाही, होता नुसता एक झरा. ए पोरा, पाय आवर, बहिणीला लागतंय! हां. तर त्या झऱ्याला ऐकू यायचं, बरं का. गावचा मुखी, म्हणजे कारभारी, चांगला असला की तो खळखळून वाहायचा.

मुखी निवडायची रीत होती. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं झऱ्यात हात बुडवायचा आणि देवाच्या वचनातले तीन बोल मोठ्यानं बोलायचे. "हा देवाला भितो. हा खरं बोलतो. हा लाचेला शिवत नाही." मग ज्याच्या अंगावर ती शाल घालेल, तो मुखी.

एका वर्षी मुखी वारला. आता मान सुगंधाबाईचा. शांतवन मेंढपाळासारखा सरळ माणूस गावात नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिच्या मनात अढी. तिची गाय एकदा एका विधवेच्या शेतात शिरली, तेव्हा शांतवन चारचौघांत म्हणाला होता, "मावशी, चूक तुमची. भरून द्या." खरं तेच बोलला मेला, पण झोंबलं ना तिला!

मग आला पौलसराव, मुखी व्हायला टपलेला. उंचापुरा, पिळदार मिशांचा. पहिल्या दिवशी त्यानं गूळ पाठवला, दुसऱ्या दिवशी तूप, तिसऱ्या दिवशी रेशमी लुगडं. "मावशी, तुमच्यासारखी जाणती बाई नाही हो," म्हणाला. भुलली बया! तेच लुगडं नेसून झऱ्यावर गेली. हात बुडवला. "हा देवाला भितो," म्हणाली. "हा खरं बोलतो," म्हणाली. तिसरा बोल तिनं ओठातल्या ओठात गिळला आणि पौलसरावाला शाल घातली.

लोकांना वाटलं, म्हातारीचा घसा बसला असेल. झऱ्यानं मात्र सगळं ऐकलं.

मग काय! पौलसराव, जो भेट आणील त्यालाच पाणी सोडायचा. पहिल्या महिन्यात धार मनगटाएवढी झाली, दुसऱ्या महिन्यात करंगळीएवढी, तिसऱ्या महिन्यात दगड कोरडे. लोक गाव सोडायला लागले. सुगंधाबाईची लेक मार्थाही अजून नाव न ठेवलेली तान्ही पोर कडेवर घेऊन निघाली.

"आई, चल गं," म्हणाली.

म्हातारी उंबऱ्यातच बसून राहिली. हे सगळं माझ्यामुळं झालं, हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगणार? लेक दिसेनाशी झाली आणि मग तिला रडू कोसळलं. तशीच चावडीवर गेली. "ऐका रे! मी लाच खाल्ली. देवापुढं खोटी वागले!" ते ऐकून पौलसरावानं शाल तिथंच टाकली आणि घोड्यावर बसून काळं केलं.

मग ती शांतवनाकडं गेली. "राग धरू नकोस रे बाबा."

"राग नाही, मावशी," तो म्हणाला. "पण हे तुम्ही लेक जायच्या आधी बोलला असतात तर..."

मग झऱ्यावर जाऊन तिनं तिन्ही बोल खणखणीत म्हटले, शांतवनाला शाल घातली, आणि दगडांतून पाणी उसळलं. गाव सुखानं नांदू लागलं.

काय म्हणतेस? मार्था आली का परत? नाही गं. सात डोंगरांपलीकडं तिनं घर बांधलं. तीही सुखातच होती. पण तिथवर जायचं म्हातारीच्या पायांत बळ नव्हतं. नातीचं नाव काय ठेवलं, तेसुद्धा तिला कधी कळलं नाही.

चला, मिटा डोळे. देवाचं नाव घ्या आणि झोपा, माझ्या राजांनो.