हातोडे थांबले ती दुपार

फार पूर्वीची गोष्ट, बाळांनो. इतकी पूर्वीची, की तेव्हाच्या राजाचं नाव आता त्याच्या वंशातल्यांनाही सांगता यायचं नाही. त्या राजाच्या मुलखात तांबटांचं एक गाव होतं. गाव कसलं, एक लांबलचक आळीच. दोन्ही बाजूंना घरं, घरापुढं ओसरी, ओसरीवर ऐरण. उजाडलं की ठोकाठोक सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. हंडे, कळश्या, घंगाळं. वाटसरू कानांत बोटं घालून पुढं जायचे. आळीतली तान्ही पोरं मात्र त्याच आवाजात पाळण्यात गाढ झोपायची.

या आळीत एक रीत होती. कुणाच्या घरात भांडण पेटलं, रडारड झाली, की शेजारपाजाऱ्यांनी हातोडे जोरात चालवायचे. घरातलं रस्त्यावर जायला नको. याला ते 'झाकण घालणं' म्हणत. आणि त्याचा कोण अभिमान त्यांना! पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडं कुणी कुणाच्या भिंतीला कान लावत नाही."

अशा गावात भिवरा लग्न होऊन आली. आईबाप नव्हते, मामानं उजवलेली पोर. आळीची रीत तिला कुणी सांगितली नव्हती. नवरा आळीतला नावाजलेला कारागीर. राजवाड्यातली घंगाळं त्याच्याच हातची. बाहेर गोड बोलायचा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचा. घरात शिरून कडी लावली की माणूस बदलायचा. भाकरी करपली म्हणून मार. नाही करपली, तर वर तोंड करून बघितलं म्हणून मार.

भिवरा ओरडायची. आणि नेमके तेव्हाच बाहेर हातोडे चढायचे. ती मनाशी म्हणायची, 'आज यांना काम फार दिसतंय. या गोंगाटात माझी हाक कुणाला ऐकू जाणार!'

एके सकाळी विहिरीवर शेजारची कोंडाई भेटली. कोंडाई म्हणजे आळीतली ठोकणारी एकटीच बाई. नवरा गेल्यावर तिनं त्याचा हातोडा उचलला होता, आणि तिचं तोंडही हातोड्याइतकंच भारी होतं. तिनं भिवराचा सुजलेला गाल पाहिला, मान फिरवली आणि कळशी बुडवू लागली.

"मावशी," भिवरा म्हणाली, "तुमची माझी भिंत एक. तुम्हाला कधी काही ऐकू येत नाही?"

"येतं की."

"काय येतं?"

"सगळंच येतं. म्हणून तर जीव खाऊन ठोकते. परवा त्यापायी चांगल्या हंड्याला पोचा पाडून बसले. तुझी अब्रू झाकायला नको?"

भिवराच्या हातातला दोर सुटला. म्हणजे ते कामाचे आवाज नव्हते. तिची हाक साऱ्या आळीला पोचत होती. दर वेळी पोचत होती.

"माझी कसली अब्रू झाकता, मावशी?" तिचा आवाज चढला. "मी काय केलंय? तुम्ही त्याचा हात झाकता. तुमच्या ठोक्यांच्या आडोशाला उभा राहून तो मला मारतो."

कोंडाईला आजवर कुणी गप्प केलं नव्हतं. ती विहिरीच्या काठावर बसली.

"मग आम्ही काय करावं, पोरी?"

"हात थांबवा. आणि दाराशी या. बाहेर कुणीतरी आहे एवढं कळलं, तर कडी मी काढीन."

त्याच दुपारी आळी ऐन भरात होती. भिवराच्या घरात तांब्या आपटला, पाठोपाठ शिवी आली. रीतीप्रमाणं हातोडे चढले. कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या भिवरानं ते ऐकलं आणि तिचं मन खचलं. 'मावशी विसरल्या. कोण कुणासाठी थांबतं!'

तेवढ्यात भिंतीपलीकडचा हातोडा थांबला.

मग कोंडाईचा आवाज आला, "ए, ठेव तो हातोडा! तू पण! बहिरा झालास काय? ठेव म्हणते ना!" एक हातोडा थांबला, मग दुसरा, मग समोरच्या ओळीतले. पार टोकाला एक टकटक उरली. तीही बंद पडली.

त्या आळीनं दिवसाउजेडी अशी शांतता कधी ऐकली नव्हती. पाळण्यातली पोरं जागी होऊन रडायला लागली. नवऱ्याचा हात वर गेलेला, आणि त्याची शिवी उघडीबोडकी साऱ्या आळीभर पसरली. तो चपापला. "काय झालं यांना?" असं हळूच पुटपुटला. तो घाबरलेला भिवरानं पहिल्यांदाच पाहिला.

"भिवरे, आम्ही दारात आहोत गं!" बाहेरून कोंडाईनं हाक दिली.

ती धावली. तिनं कडी काढली.

बाहेर सगळी आळी उभी होती. काळ्या हातांचे पुरुष, पिठाच्या हातांच्या बाया. मागून नवरा पागोटं सारखं करत आला आणि हसला. "अहो, नवरा-बायकोचं चालायचंच. जा, कामाला लागा. राजाची घंगाळं अडलीत."

आळीचा म्होरक्या खाकरला. त्याला सगळे तात्या म्हणत. "घंगाळं द्यायचीत हे खरं," तो खाली बघत म्हणाला. "पोरी, आम्ही याला चार शब्द सांगतो. तू आत जा."

भिवरा उंबऱ्यावरून हलली नाही. "तात्या, आता आत गेले, तर पुढच्या वेळी कडी काढायला मी उरणार नाही."

मग कोंडाई पुढं झाली. "तात्या, घंगाळं कमी पडली तर राजा तांब्यानं अंघोळ करील. ही पोरगी गेली तर कुठल्या ऐरणीवर घडवाल?"

तात्या ओसरी चढून वर आला आणि भिवराच्या शेजारी येऊन उभा राहिला. "चुकलो मी," तो म्हणाला. "पोरी, तू आत जायचं नाहीस."

भिवरा कोंडाईच्या घरी राहिली. प्रकरण राजाच्या न्यायाधीशापुढं गेलं.

"मारताना कुणी पाहिलं?" न्यायाधीशानं विचारलं.

"दार बंद असायचं, महाराज," नवराच पुढं होऊन म्हणाला. "आणि आमच्या आळीत शेजारचा शब्द ऐकू येत नाही. विचारा कुणालाही."

"येतो!" कोंडाई गरजली.

"एवढ्या ठोकाठोकीत?" न्यायाधीश म्हणाला.

"ऐकू येत होतं, म्हणूनच तर जोरात ठोकत होतो. तो आमचा गुन्हा. तोही धरा, महाराज, पण आधी याचा धरा."

मग एकेक जण उठला. कुणी किंकाळी ऐकली होती, कुणी शिवी, कुणी नुसतं मुसमुसणं. प्रत्येकानं आपापलं सांगितलं आणि शेवटी मान खाली घातली. भिवरा ऐकत होती. घरात तो तिला नेहमी म्हणायचा, 'तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?' आता उत्तर द्यायला सारी आळी रांगेत उभी होती.

नवरा कोठडीत गेला. घर भिवराच्या नावे झालं, आणि सुटल्यावरही त्यानं आळीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम निघाला. राहिली राजाची घंगाळं. ती साऱ्यांनी वाटून घेतली. थोडी वाकडी झाली म्हणतात. पण राजा त्यांत अंघोळ करत राहिला, त्याची काही तक्रार आली नाही.

गोष्ट इथं संपत नाही, बाळांनो. मार थांबला तरी भीती लगेच जात नाही. हातोडा पडला की भिवरा दचकायची, हातातलं सांडायची. तिला कुणी म्हटलं नाही, 'आता विसर की सगळं.' कोंडाई पहिला घाव घालण्याआधी हाक द्यायची, "ठोकते गं भिवरे!" ते ऐकून समोरचा म्हणू लागला, "ठोकतो गं ताई!" मग आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज सकाळी तीच हाक फिरू लागली. कुठल्याही घरात किंकाळी उठली की हातोडे थांबायचे, आणि सगळे त्या दाराशी जायचे.

आणि एका सकाळी कोंडाई ओसरीवर आली, तर तिच्या ऐरणीपाशी भिवरा बसलेली. पदर खोचलेला, पुढ्यात तांब्याचा पत्रा, हातात हातोडा.

"ठोकते हो!" भिवरानं साऱ्या आळीला हाक दिली.

"ठोक!" आळी गरजली.

आणि तिनं असा घाव घातला, की त्याचा आवाज पार वेशीबाहेर गेला.

बोध: शेजारच्या घरातलं रडणं ऐकून न ऐकल्यासारखं करतो, तो मारणाऱ्याच्या बाजूचा होतो, म्हणून हातातलं काम ठेवा, त्या दाराशी जा आणि मार खाणारीच्या शेजारी उभे राहा.