शपथेआधीचे पाहुणे

महापुरात गाव वाहून गेलं तेव्हा सगुणा म्हाताऱ्या सासऱ्यांना घेऊन कांचनपुरात आली. दोघांनी इथे माग टाकला, संसार पुन्हा उभा केला. नागरिकत्वाची सगळी चौकशी पार पडली. उरली होती ती फक्त नगरपालासमोर घ्यायची शपथ. पण नगरपाल त्र्यंबकपंतांना मुहूर्तच सापडेना. कधी नवी पगडी यायची असे, कधी ऐन वेळी शिंक येई. इकडे सासरे खंगत चालले होते. परक्याला नगराच्या स्मशानात जागा नव्हती, आणि तोच घोर त्यांना लागला होता.

सगुणेने पुन्हा विनवलं तेव्हा पंत मिशीवर हात फिरवत म्हणाले, "एवढी घाई कसली, बाई? शपथ होईपर्यंत तुम्ही आमच्या नगराचे पाहुणेच की!"

"बरं," म्हणून सगुणा परतली.

दुसऱ्या दिवशी सासरे आणि वळकट्या घेऊन ती पंतांच्या ओसरीवर हजर झाली.

"हे काय?" पंत ओरडले.

"पाहुणे आलोत. नगराच्या पाहुण्यांनी नगरपालाकडे नाही, तर कुणाकडे उतरायचं? मामंजींना दात नाहीत, भात जरा मऊ लावायला सांगा. आणि घाई नाही हं, तुमचा मुहूर्त निघेपर्यंत राहू आम्ही."

शेजारीपाजारी जमून हसू लागले. पंतांनी ओसरीवरच दोघांना शपथ दिली.

परतताना सासरे वाटेत थांबले. "पोरी, आता मी मेलो तर 'हा कुठला' असं कुणी विचारणार नाही."

"मरायचं नंतर बघू, मामंजी," सगुणा म्हणाली. "आधी आपल्या गावात राहून तर बघा."