गेनू माळ्याची सगू आणि बावन्न घरांचा ग्रुप

मुलांनो, ही परीची गोष्ट आहे. पण आधीच सांगते, हिच्यातल्या मोठ्या माणसांकडून काही शिकू नका.

सोनसळ नावाची बावन्न घरांची एक वसाहत होती. तिच्या मधोमध इवलीशी बाग. बागेत जांभळी गोकर्ण, पिवळीधमक शेवंती, लालचुटूक जास्वंद, आणि कोपऱ्यात पत्र्याची एक खोली. त्या खोलीत गेनू माळी आणि त्याची आठ वर्षांची लेक सगू राहायची. सगूला आई नव्हती. दोन फ्रॉक होते आणि काच तडकलेला एक फोन होता.

फोन वसाहतीने दिलेला. 'आपली बाग' नावाच्या ग्रुपवर सगळे सूचना लिहायचे आणि माळ्याने त्या पाहायच्या, असं ठरलं होतं. गेनूला वाचता येतं का, हे कुणी विचारलंच नाही. त्याला येत नव्हतं. म्हणून सगू वाचून दाखवायची.

एके दुपारी वसाहतीतले मिरीकरसाहेब खताची गोणी घेऊन बागेत आले. भर उन्हात, सुक्या मातीत, गुलाबांच्या मुळाशी त्यांनी मुठीमुठीने खत टाकलं. गेनू हात जोडून म्हणाला की साहेब, एवढं नको, मुळं जळतील. साहेब म्हणाले, मी पुस्तकात वाचलंय. चार दिवसांत सगळे गुलाब जळून गेले.

आणि ग्रुपवर सगळ्यांत आधी कुणी लिहिलं? साहेबांनीच. 'माळ्याच्या हलगर्जीपणामुळे आपले गुलाब गेले.'

मग काय, उतावळ्यांची रीघच लागली. कामचोर आहे, फुकट राहतो, हाकला त्याला. बागेत येऊन बघण्याची तसदी कुणी घेतली नाही. लोखंडेबाई तेवढ्या म्हणाल्या की एकदा त्याला विचारू या, तर तुम्हाला कोण विचारतंय म्हणून सगळे त्यांच्यावरच तुटून पडले. सगूने खताची खरी हकीगत लिहिली. साहेबांनी उत्तर दिलं, 'लहान मुलांनी मोठ्यांत बोलू नये. माळ्याला काय म्हणायचं असेल ते त्याने स्वतः लिहावं.' पुढे ठरलं, ज्याला गेनू नको, त्याने रविवारपर्यंत साहेबांच्या संदेशाखाली अंगठा दाखवायचा. रविवारी सत्तावीस अंगठे भरले, तर गेनूने खोली सोडायची.

संध्याकाळी गेनूने विचारलं, "आज काय लिवलंय गं?"

सगूने फोनकडे पाहिलं. "लिहिलंय, शेवंती छान फुललीय. गेनूच्या हाताला गुण आहे."

गेनू इतका हरखला की दुसऱ्या दिवशी तासभर आधी उठून त्याने वाफे भिजवले. त्यानंतर सगू रोज असंच खोटं वाचू लागली. त्याचा आनंद बघून तिला रडू यायचं, आणि ते रडूही लपवावं लागायचं.

जळलेल्या गुलाबांत एका काटकीला हिरवा ठिपका होता. सगू रोज आपल्या पिण्यातलं तांब्याभर पाणी तिला घालायची. शुक्रवारी सकाळी त्या ठिपक्याची कळी झाली, कळी उमलली, आणि आत बोटाएवढी परी बसलेली. कांद्याच्या पापुद्र्यासारखे गुलाबी पंख, दवाच्या थेंबांचा झगा आणि हातात केसराची छडी.

"तीन गोष्टी माग," परी म्हणाली. "मागशील तेवढंच मिळेल, त्याच्यापलीकडे काही नाही. आणि कुणाचं मन बदलून दे म्हणशील, तर ते माझ्या छडीत नाही."

सगूने पटकन मागितलं, ग्रुपवर कुणाला वाईट शब्द लिहिताच येऊ नये.

छडी चमचमली. दुपारी संदेश आला, 'आदरणीय गेनूभाऊंनी आता विश्रांती घ्यावी, ही नम्र विनंती.' पुढे हात जोडल्याची तीन चित्रं. त्याखाली तसेच वीस संदेश. शिवी दिली तर निदान ओळखू तरी येते. हे तर गोडीत घोळलेलं विष होतं.

मग तिने दुसरं मागितलं. ज्याला बाबांबद्दल लिहायचंय, त्याने आधी बाबांसमोर येऊन उभं राहावं.

ग्रुप एकदम गप्प झाला. इतके शूर लोक, पण जिना उतरून कोणी आलं नाही. फक्त मिरीकरसाहेब आले. जळलेल्या गुलाबांपाशी बराच वेळ उभे राहिले. त्यांचे ओठ हलले. सगूला वाटलं, आता म्हणतील.

"यंदा ऊन फार आहे, नाही का गेनू?" ते म्हणाले आणि निघून गेले.

गेनू मात्र खूश. साहेब स्वतः बागेत आले, याचंच त्याला कौतुक.

आणि अंगठे? अंगठा दाखवायला लिहावं लागत नाही. ते चालूच राहिले. शनिवारी सकाळी तीस झाले होते.

सगू परीकडे गेली. साहेबांना माफी मागायला लाव, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण छडीने वदवलेली माफी कसली, हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "बाबांना लिहायला येऊ दे."

परीचे पंख मिटले. "ज्याला लिहिता येतं त्याला वाचताही येतं, बाळ. मागचं सगळं."

"माहीत आहे," सगू म्हणाली.

गेनूने फोन हातात घेतला. ओट्यावर बसून त्याने पहिल्यापासून वाचलं. कामचोर वाचलं, फुकट वाचलं, नम्र विनंती वाचली. ऊन पायावरून मांडीवर आलं तरी तो वाचत होता. मग त्याने मान वर केली.

"सगे, हे समदं तू एकटीच वाचत व्हतीस?"

गेनूने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने सावकाश लिहिलं, 'गुलाब गेले हे खरं आहे. साहेबांचा हात मी धरायला हवा होता. माझी हिंमत झाली नाही. तेवढी चूक माझी. गेनू माळी.'

बावन्न घरांनी ते वाचलं. मिरीकरसाहेब अर्धा तास काहीतरी लिहीत आहेत, असं दिसत होतं. पण शेवटी काहीच आलं नाही. मग अंगठे निघू लागले. एक गेला, दोन गेले, असे चोरपावलांनी जात जात रविवारपर्यंत अकराच उरले. चुकलो, हा एवढासा शब्द बावन्न घरांत एकालाही लिहिता आला नाही. पण खोली राहिली.

त्या क्षणी गुलाबाच्या फुलातून सोनेरी, केशरी, मोतिया उजेड उसळला, सगूच्या गालाला ऊब लावून गेला आणि परी दिसेनाशी झाली.

संध्याकाळी सगूने सवयीने फोन उचलला. गेनूने तो तिच्या हातातून काढून घेतला. "आता हे वाचायचं काम माझं. तू जा, खेळ."

सगू अंगणात आली. काय खेळायचं, ते तिला बराच वेळ आठवेना.