ठकूबाईची एक पायरी

चैत्र वद्य पंचमी. दिवस मावळायला दोन घटका बाकी. ठिकाण बारवखेडची मोठी बारव. त्या संध्याकाळी ठकूबाईने हलगीवर अठ्ठावीस थापा दिल्या. बारवेच्या उघड्या पायऱ्या सत्तावीस होत्या.

एवढं पक्कं आहे. साल मात्र कुणाला सांगता येत नाही. फार मागची गोष्ट. बारवखेडात तेव्हा नळ नव्हते, उंच टाकी नव्हती, तालुक्याला जायला धड रस्ताही नव्हता. होती ती एक दगडी बारव, छत्तीस पायऱ्यांची, आणि अख्खं गाव तिच्यावर जगत होतं. पाण्याची बातमी गावाला हलगीतून मिळायची. रोज संध्याकाळी हलगीवाल्याने बारवेत उतरायचं, कोरड्या पडलेल्या पायऱ्या मोजायच्या आणि वर येऊन तितक्या थापा द्यायच्या. चुलीपुढच्या बाया भाकरी थापायच्या थांबायच्या आणि मोजायच्या. वीस थापांपर्यंत पाणी हवं तसं भरावं. विसाच्या पुढे घरटी चार घागरी. आणि अठ्ठावीस थापा पडल्या की मळ्यांच्या मोटा बंद. त्याच्या खालचं पाणी फक्त माणसांचं आणि गुरांचं. बारव बांधणाऱ्यांनीच हा नियम घालून दिला, असं म्हणतात.

हलगी ठकूबाईच्या सासऱ्याची, मग नवऱ्याची, सटवाची. सटवा तापाने गेला आणि घरात वाजवणारं दुसरं कुणी उरलं नाही. बाईच्या हातात हलगी द्यावी का, यावर पंचांनी तीन दिवस खल केला. चौथ्या दिवशी कंटाळून दिली. ठकूबाईने गवताचा जाळ केला, हलगी शेकून ताणून घेतली आणि बारवेकडे निघाली. त्या दिवसापासून एक संध्याकाळ चुकली नाही.

थापा झाल्या की ती गावच्या चार गोष्टी सांगायची. कुणाची म्हैस चुकलीय, कुणाच्या घरी मुलगी झालीय, उद्या ओढ्याच्या वाटेवर काटे टाकणार आहेत, सांभाळून जा. आणि शेवटी पाण्याचं सांगायची. भांडी राखेने घासा. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घाला. परातीत बसून अंघोळ करा, ते पाणी म्हशीच्या अंगावर जाऊ द्या. बाया हसायच्या, म्हणायच्या, ही आपल्या न्हाणीघरात पण शिरणार. पण राखेने भांडी घासायच्या.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सांगायलाच हवी. हलगीवाल्यांची घरं ओढ्यापलीकडे होती. त्यांच्या हाताने बारवेचं पाणी बाटतं, असं गाव मानायचं. ती माणसं ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटी वाटी पाणी भरायची. ठकूबाईने मोजायला बारवेत उतरायचं, पण पाण्यापासून एक पायरी अलीकडे थांबायचं. शेवटची पायरी नजरेने मोजायची. ज्या पाण्याचा थेंब तिला शिवायचा नव्हता, त्याची राखण मात्र तिने करायची होती. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ठकूबाईला वाटत असेल तर तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण असं म्हणतात की पाणी उतरलं की तिच्या घशाला कोरड पडायची.

त्या वर्षी पाणी भराभर उतरलं. पूर्वी एक पायरी उघडी पडायला पाच-सहा दिवस लागायचे, आता दोन लागत होते. रोज मोजणाऱ्या बाईला हे कळायला पंचांची गरज नव्हती. बारवेच्या तळाला वर्षांनुवर्षांचा गाळ साचला होता आणि गाळाखाली झरे बुजले होते. पाणी जात होतं, येत नव्हतं. तिने चावडीवर जाऊन हे सांगितलं. पंचांनी पान जमवलं आणि सांगितलं की तू हलगी वाजव, बाकीचं आम्ही बघतो.

मग ती पंचमीची संध्याकाळ आली. ठकूबाई उतरली, थांबायच्या पायरीवर थांबली. सत्तावीस. खाली पाणी हिरवट, त्याला गाळाचा वास. वर दौलत पाटलांच्या मळ्याच्या चार मोटा करकरत होत्या. ती तिथे बराच वेळ उभी होती, असं म्हणतात. जन्मात तिने एक थाप इकडची तिकडे केली नव्हती. मग ती वर आली आणि अठ्ठावीस दिल्या.

मोटा थांबल्या. गावाने घरटी घागरी आवरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांनी आपला गडी हणमा याला मोजायला पाठवलं. तो दोनदा मोजून आला. दुपारी ठकूबाईला चावडीवर बोलावलं. ती अंगणात, पायरीखाली उभी राहिली. अर्धं गाव जमलं होतं.

"ठके, पायऱ्या किती उघड्या?" पाटलांनी विचारलं.

"सत्तावीस."

"आन् थापा किती दिल्यास?"

"अठ्ठावीस."

पंचांत रामजी अप्पा सगळ्यांत म्हातारे. त्यांनी सटवाला हलगी धरायला शिकताना पाहिलं होतं. ते खाकरले. "पोरी, तू लांबून मोजतीस. नजर चुकली आसंल. चुकली म्हण आन् जा घरी."

सुटायला दार उघडं होतं. ओढ्यापलीकडची माणसं तिच्याकडे बघत होती, कारण हलगी गेली की तिच्यापोटी वस्तीला मिळणारं वर्षाचं धान्यही जाणार होतं.

"न्हाई अप्पा," ठकूबाई म्हणाली. "नजर न्हाई चुकली. मी जाणून दिली."

"का?"

"एका पायरीचं पाणी मोटा दोन दिसांत वढत्यात. तेच पाणी माणसं बारा दिस पित्यात. मला ते बारा दिस पायजे व्हते."

पाटील हसले. "तुला गं कशाला? तू तर ह्या बारवेचं पाणी पीतबी न्हाईस."

"म्हणून तर मला नीट मोजता येतंय, पाटील."

हे बोलणं पाटलांना झोंबलं. पण खरा घाव तिच्यावर पुढच्या गोष्टीने बसला. पाटील म्हणाले, हलगीच खोटी ठरली, तर हलगीवरचा नियम कशाला पाळायचा? पंचांना ते पटलं. पंचांपैकी तिघांचे मळे बारवेवर होते. हलगी काढून चावडीच्या खुंटीला टांगली. मोटा पुन्हा सुरू झाल्या आणि अठ्ठाविसाव्या पायरीलाही थांबल्या नाहीत. रोज संध्याकाळी हणमा बारवेच्या कठड्यावर उभा राहून ओरडायचा की पाणी पुष्कळ आहे. किती, ते सांगायचा नाही.

ठकूबाई घरी जाऊन दोन दिवस जेवली नाही. हलगी गेली याचं दुःख होतंच. पण तिच्या एका थापेने त्यांच्या हाती निमित्त दिलं, हे तिला खात होतं. बारा दिवस वाचवायला गेली आणि होता तो नियमही घालवून बसली.

तिसऱ्या दिवशी ती उठली आणि घरोघर निघाली. अंगणाबाहेर उभी राहायची आणि सांगायची, रोज एक घागर बाजूला ठेवा, फडकं बांधून ठेवा, तिला हात लावू नका. हणमा काय म्हणतो ते ऐकू नका. बायांनी तिला सुनावायला कमी केलं नाही.

"ठकूबाई, ही घागर खरी एक का तुझी एक?" वाण्याची आवडी ओट्यावरून म्हणाली.

"माझ्यावर इस्वास नगं ठेवूस," ठकूबाई म्हणाली. "घागरीवर ठेव."

काही घरांनी फडकी बांधली, काहींनी नाही. ती परत परत जात राहिली. कुणी दार लावलं तर दाराबाहेरून सांगायची. सगळ्यांत आधी फडकं बांधलं ते पाटलांच्याच सुनेने, सगुणाने. ती पोटुशी होती, आणि तिला तहान फार लागायची.

वैशाखात, अक्षय्य तृतीया होऊन आठवडा झाला होता, हणमा नेहमीप्रमाणे ओरडला की पाणी पुष्कळ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मोट वर आली ती चिखल घेऊन. छत्तीसच्या छत्तीस पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. पाटलांनी गाड्या जुंपून चार कोसांवरच्या नदीला धाडल्या. गाड्या पाटलांच्या, म्हणून पाणी आधी पाटलांच्या गोठ्याला. गावाने फडकं बांधलेल्या घागरी सोडल्या. ज्यांनी ठेवल्या नव्हत्या, त्यांना शेजारच्यांनी दिल्या. असं म्हणतात की त्या घागरींत वाटी बुडवली तरी पाण्याची रेघ खाली जायची नाही. पण कितीही झालं तरी त्या घागरीच होत्या.

तेव्हा ठकूबाई कुदळ आणि पाटी घेऊन बारवेत उतरली. एक पायरी अलीकडे थांबली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती छत्तिसाव्या पायरीवर गेली. तिला कुणी अडवलं नाही, कारण बाटायला पाणीच नव्हतं. तिने गाळ उपसायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी एकटी. दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडची माणसं आली. तिसऱ्या दिवशी आवडी आली, पदर खोचून, आणि कुणाशी न बोलता पाट्यांच्या रांगेत उभी राहिली. मग रांग वाढत वाढत वरपर्यंत पोचली. कोणाच्या हातातून पाटी कोणाच्या हातात जातेय, हे त्या रांगेत कुणी बघितलं नाही.

सातव्या दिवशी दुपारी कुदळ दगडावर वाजली. ठकूबाई गुडघ्यांवर बसली आणि हातांनी गाळ बाजूला करू लागली. असं म्हणतात की तेवढ्यात चावडीच्या खुंटीला टांगलेली हलगी आपोआप घुमली. चावडीत बसलेल्या तिघांनी ती ऐकली आणि तिघेही उठून बारवेकडे पळाले. ते पोचले तेव्हा ठकूबाईच्या दहा बोटांमधून पाणी वर येत होतं. आधी गढूळ, मग निवळ, नारळाच्या पाण्यासारखं.

ती सवयीने चटकन मागे सरली आणि एक पायरी वर जाऊन उभी राहिली. रांग थबकली. पाणी सगळ्यांना दिसत होतं आणि ते कुणाच्या हातातून आलं, तेही. वर कठड्याशी पाटील उभे होते. कुणी पुढे होईना. एक म्हातारी पुटपुटली की आता हे कसं प्यायचं.

सगुणा पोट सांभाळत छत्तीस पायऱ्या उतरली. ठकूबाईसमोर येऊन तिने ओंजळ पुढे केली.

"मावशी, तुमीच घाला."

ठकूबाईने खाली वाकून पाणी घेतलं आणि सगुणाच्या ओंजळीत घातलं. सगुणा प्यायली आणि पुन्हा ओंजळ पुढे केली. त्या बारवेचं पाणी कुणी प्यावं, याचा निकाल पंच पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. गावाने तो निकाल एवढ्या वेळात बदलला. ओढ्यापलीकडच्या पोरींनी त्या दिवशी घागरी भरल्या.

पाणी चढू लागलं. मृग अजून लागला नव्हता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. ठकूबाई घरी गेली नाही. पाण्याच्या वरच्या पायरीवर बसून राहायची, आणि पाणी एक पायरी चढलं की तीही एक चढायची. भाकरी लोक तिथे आणून द्यायचे. रामजी अप्पा पहिल्याच संध्याकाळी स्वतः हलगी घेऊन गेले. तिने हात लावला नाही. अजून वेळ आहे, म्हणाली. दुसऱ्या दिवशी गेले, तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. अप्पांना वाटलं, बाई रुसलीय.

आठव्या संध्याकाळी तिनेच अप्पांना निरोप धाडला. गवताचा जाळ करायला लावला, हलगी शेकली. गाव कठड्याभोवती जमलं. ठकूबाईने सावकाश अठ्ठावीस थापा दिल्या. मग म्हणाली, "उतरून मोजा."

हणमा उतरला. मोजून वर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "अठ्ठावीस," तो म्हणाला.

"आज खरं झालं," ठकूबाई म्हणाली, आणि हलगी अप्पांच्या हातात दिली. पुन्हा तिने ती धरली नाही. त्याच वर्षी कार्तिकात ती गेली, झोपेतच. असं म्हणतात की त्या दिवशी बारवेचं पाणी हलकंसं गोड लागत होतं.

तिच्यानंतर पहिल्या उन्हाळ्यात हलगी वाजली तेव्हा पायऱ्या एकवीस होत्या. एकवीस थापा पडल्या. जरा थांबून बाविसावी पडली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून तेच चालत आलं आहे. बारवखेड आता शहर आहे, तिथे नगरपालिका आहे, एक दिवसाआड नळ येतो, तरी जुन्या गावाला बारवेचाच आधार. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत रोज संध्याकाळी एकेका गल्लीतली बाई पाळीने पायऱ्या मोजते, थापा देते, थांबते आणि एक जास्त देते. ती एक ठकूबाईची. ती पडली की घरोघर एका घागरीला फडकं बांधतात आणि गळका नळ आवळतात. मध्यंतरी पाणीपुरवठ्याचे एक साहेब आले आणि म्हणाले, तुमची मोजणी एकाने चुकते. बायांनी त्यांना चहा पाजला. मोजणी बदलली नाही. बारवेचा गाळही दरवर्षी वैशाखात सगळं गाव मिळून काढतं, आणि पहिली पाटी ओढ्यापलीकडच्या घरातली बाई भरते.

गेल्या वैशाखात सोमवारी संध्याकाळी एकोणतीस थापा पडल्या आणि ठकूबाईची एक. मंगळवारी संध्याकाळी तेहेतीस आणि एक. मधल्या दिवसात जुन्या गावाने घरटी दोनच घागरी नेल्या होत्या. पश्चिमेच्या कठड्यापाशी मोठ्या टँकरच्या चाकांचे ओले माग होते. जुन्या गावातल्या एकशे बारा बायांनी सह्या करून, चार पायऱ्यांचं पाणी कुणी नेलं, असा नगरपालिकेत अर्ज दिला, पोच घेतली. टँकर कुणाचा होता, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.