मधलं कुंपण

भादव्याचे दिवस होते, आणि त्या दिवशी वारा साफ पडलेला होता. पाऊस उघडून आठवडा झाला होता. ऊन असं, की ओल्या गवतातून वाफ निघत होती आणि पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. फार मागची गोष्ट आहे ही. तेव्हा जनावरं बोलत असत, आणि माणसंही कधीमधी ऐकत असत.

अशा त्या उकाड्यात एका गावाच्या ओढ्याकाठी दोन मोठी माणसं आली. एक होता दाण्याचा व्यापारी, दुसरा लाकडाचा ठेकेदार. दोघं सटवाच्या वाडग्यासमोर, त्याच्या जनावरांच्या आवारासमोर, उभी राहिली. सटवा डुकरं पाळायचा, म्हणून दोघांनी आधीच उपरणं नाकाला लावलं होतं. व्यापाऱ्यानं ते जरासं खाली केलं, हुंगून बघितलं, आणि काढून खांद्यावर टाकलं.

"अरे, इथं वास कसा नाही?"

"वास गेला कोंबड्यांच्या पोटात, शेठ," सटवा म्हणाला.

आता ते कसं, ते सांगतो. सटवाच्या जमिनीला बाहेरून बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. आत मात्र एकही आडकाठी नव्हती. एका अंगाला डुकरं असायची. ती नाकाडानं माती उकरायची, मुळं खायची, घाण करायची. दोन दिवस झाले की सगळ्यांत म्हातारी डुकरीण उठून पुढच्या पट्ट्यात जायची, आणि तिच्यामागून कळप जायचा. तिसऱ्या दिवशी त्या सोडलेल्या पट्ट्यात कोंबड्या शिरायच्या. तिसऱ्याच दिवशी, हे ध्यानात धरा. कारण माश्यांनी घाणीत घातलेल्या अंड्यांतून तोवर अळ्या निघून गुबगुबीत झालेल्या असतात. आणखी दोन दिवस थांबलं तर त्या मातीत शिरून कोश करतात, आणि मग त्यांच्या माश्या होतात. कोंबड्या पायानं सगळी घाण विस्कटायच्या आणि अळी न् अळी टिपायच्या. विस्कटलेली घाण उन्हानं सुकायची. माशी नाही, वास नाही. कोंबड्या तुकतुकीत, अंडी मोठी. सांडलेला दाणा आणि फुटकं अंडं पुन्हा डुकरांना.

सुकलं खत जायचं ओढ्यापलीकडच्या चिमाईकडे. ही सटवाची शेजारीण, एकटी म्हातारी, वांगी पिकवायची. ती खताच्या बदल्यात किडकी वांगी आणि मुळ्याचा पाला डुकरांना पाठवायची.

असं ते गोल गोल फिरणारं होतं. त्यात कोण कोणाला पोसत होतं, ते सांगता आलं नसतं.

आणि वास नसणं ही सटवासाठी साधी गोष्ट नव्हती. त्याचे वाडवडील गावोगाव फिरणारे. या गावानं त्याला ओढ्याकाठी राहू दिलं, पण एका अटीवर. दरवर्षी दिवाळी झाली की गावचे पाच पंच घरून भाकरी बांधून आणायचे आणि सटवाच्या वाडग्यात मधोमध बसून खायचे. पाचांच्याही घशाखाली भाकरी उतरली, तर सटवानं आणखी एक वर्ष राहावं. एकाचीही अडकली, तर त्यानं बिऱ्हाड गाढवावर लादावं. सात वर्षं पंच जेवून, हात धुऊन गेले होते. सटवाची बायको येसा, तिची चार लेकरं चार वेगळ्या गावांच्या वेशीबाहेर जन्मली होती. सात पावसाळे एकाच जागी राहिलेली ही तिची पहिली चूल.

तर ते दोघं बसले. व्यापारी म्हणाला, "सटवा, डोंगरावरच्या किल्ल्यात शिपायांची शिबंदी वाढली आहे. त्यांना रोज टोपलीभर अंडी हवीत, आठवड्याला दोन डुकरं हवीत. तुझ्याच्यानं होईल?"

"एवढी जनावरं कुठली माझ्याकडे, शेठ?"

"ती आम्ही घालतो. दाणा माझा, लाकूड यांचं. शेजारचं रान आम्ही मिळवून देतो. तू राखण कर, वाढव."

सटवाला आनंद झाला, आणि का होऊ नये? त्यानं येसाकडे बघितलं. येसानं पदर सावरला आणि म्हणाली, "वाढेना का. पोरांच्या अंगावर कापड येईल." सटवानं दोघांनाही विडा दिला. तिघांनी खाल्ला. बोली झाली.

मग निघाली वाट्याची गोष्ट. सटवा म्हणाला, "सगळ्याचे मिळून तीन सारखे वाटे करू."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. व्यापारी म्हणाला, "तसं घोटाळ्याचं नको. कोंबड्या माझ्या, डुकरं यांची. दोघांच्या उत्पन्नातून तुझा वाटा तुला. पण माझ्या दाण्यावर यांची डुकरं पोसायची नाहीत."

"आणि माझ्या डुकरांनी उकरायचं आणि तुझ्या कोंबड्यांनी फुकट लठ्ठ व्हायचं, तेही नाही," ठेकेदार म्हणाला.

दोघंही हसले. पण थट्टा कोणीच केली नव्हती.

ठेकेदाराची माणसं आली. त्यांनी वाडग्याच्या बरोबर मधोमध सागाचे खांब पुरले, फळ्या ठोकल्या. मुंगीनं वळसा घालावा असं कुंपण झालं. एका बाजूला कोंबड्या, दुसऱ्या बाजूला डुकरं.

ती माणसं खांब पुरत असताना सटवा तिथंच उभा होता. तो म्हणाला, "शेठ, कोंबड्या डुकरांच्या मागनं चालतात. त्यांची ती रीतच आहे."

"सटवा, तू जनावरं राख. धंदा आम्हाला कळतो."

सटवा गप्प बसला. मोठी माणसं, चांगल्या कपड्यांतली. आपल्याला काय कळतं, असं त्याला वाटलं. त्याची चूक झाली ती एवढीच. पण ती तिथं झाली.

पहिला महिना बरा गेला. खूप जनावरं आली, अंडी किल्ल्यावर जाऊ लागली, व्यापारी येऊन कौतुक करून गेला. मग हळूहळू अंडी बारीक झाली. एकाच जागी राहून कोंबड्यांनी गवताची काडी ठेवली नाही. अळी मिळेना, नुसता दाणा खाऊन त्या चिडचिड्या झाल्या आणि एकमेकींची पिसं उपटू लागल्या. पलीकडे घाणीचा चिखल झाला. म्हातारी डुकरीण उठायची, कुंपणापर्यंत जायची, नाकाड फळीला लावायची आणि परत फिरायची. तिच्या कानांभोवती माश्या घोंगावत होत्या.

एका सकाळी सटवा पाणी घालायला आला, तर फळीच्या फटीतून बोलणं चाललं होतं.

"काय गं भवाने," डुकरीण म्हणाली, "दोन महिने झाले. आमच्याकडे यायचं विसरलीस? लई मोठी झालीस होय?"

"मी कुठली मोठी?" पलीकडून बोडक्या मानेची कोंबडी म्हणाली. "मी शेठची झाले. तू ठेकेदाराची झालीस. आपली वळख न्हाई आता."

"मग सटवा कुणाचा?"

"त्याला इचार. तो मागंच उभा हाय."

सटवानं हंडा खाली ठेवला आणि तसाच निघाला. आधी व्यापाऱ्याकडे गेला. "शेठ, मधलं कुंपण काढू. जनावरं वाढली आहेत, तर त्यांची फेरीही मोठी करू. दिवाळी आली. पंच जेवायला येतील."

"काढ की," व्यापारी म्हणाला. "पण आधी ठेकेदाराला विचार, माझा दाणा त्याच्या डुकराच्या तोंडात गेला तर तो किती भरून देईल."

तो ठेकेदाराकडे गेला. ठेकेदार म्हणाला, "माझ्या डुकरांच्या घाणीतल्या अळ्या खाऊन जी अंडी होतील, त्यात माझा भाग आहे का, ते शेठला विचार. आणि पंचांचं काय घेऊन बसलास? त्या दिवशी ऊद जाळ भरपूर."

सटवा परत आला. येसा भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "आवं, मग उपटा की ते खांब."

"विडा खाल्लाय त्यांच्यासंगं. अन् खांब त्यांचे हायत."

"खांब त्यांचे," येसा म्हणाली, "चूल माझी हाय."

सटवा पहार घेऊन गेला. पहिल्या खांबापाशी बराच वेळ उभा राहिला. डुकरीण फळीपलीकडे येऊन थांबली. पण त्याचा हात काही उचलेना. त्यानं पहार परत आणून भिंतीला टेकवली.

पंचांचा दिवस उजाडला. सटवानं चारी कोपऱ्यांत ऊद जाळला. त्यानं एवढंच झालं, की घाणीला उदाचा वास आला. पाच पंच मधोमध, कुंपणाला पाठ लावून बसले. भाकरी सोडली, तशी ती माश्यांनी काळी झाली. चार जणांनी फडकी पुन्हा बांधली. पाचवे सगळ्यांत वयस्कर आजोबा. त्यांचा सटवावर जीव होता. त्यांनी माशी हाकलून घास तोंडात घातला. या गालातून त्या गालात फिरवला. डोळ्यांत पाणी आलं, तरी फिरवत राहिले. शेवटी उठून बाभळीच्या कुंपणाबाहेर जाऊन थुंकले.

"लई मनात होतं रे सटवा," ते म्हणाले. "पण घसा माझं ऐकत नाही."

गावानं शब्द मोडला नाही. सटवानंही मोडा म्हटलं नाही.

त्याच दुपारी व्यापारी आला आणि आपल्या कोंबड्या पाट्यांत भरून घेऊन गेला. ठेकेदार आला, डुकरं हाकून घेऊन गेला, खांबही उपटून घेऊन गेला. कुंपण निघालं, पण दोन्ही बाजूंना काही उरलं नव्हतं. पुढे व्यापाऱ्याच्या अंगणात कोंबड्या दाणा खात राहिल्या आणि अंडी देईनाशा झाल्या. ठेकेदाराच्या डुकरांचा वास त्याच्याच आळीला सोसवेना, तेव्हा त्यानं ती मिळेल त्या भावानं विकली. किल्ल्यावरच्या शिबंदीनं दुसरीकडून अंडी घेतली. आपलं तेवढं जपावं म्हणून दोघांनी किती काळजी घेतली होती!

सटवाकडे उरली त्याची मूळची म्हातारी डुकरीण, तिची दोन पिल्लं आणि नऊ कोंबड्या. त्यानं गाढवावर भांडी बांधली. येसानं चुलीचे तीन दगड फडक्यात घेतले आणि डोक्यावर ठेवले. ते तेवढे ती कुणाच्या हाती देईना. बिऱ्हाड ओढ्यात उतरलं, तर समोरच्या काठावर चिमाई काठी टेकून उभी होती.

"कुठं निघालास?"

"पाय नेतील तिकडं, आजी."

"माझ्या वाफ्यांना खत यायचं थांबलं, मला तवाच कळलं होतं. तू का न्हाई बोललास?"

"खांब पुरताना बोललो एकदा. मोठी माणसं होती, आजी."

"मोठी माणसं अळ्या खात्यात व्हय रे?" चिमाई म्हणाली. "त्यास्नी काय ठावं तिसऱ्या दिवसाचं? ते ठावं होतं एकट्या तुला. त्यांनी दाणा घातला, लाकूड घातलं. तुझ्याकडं घालाया तेवढंच होतं, अन् तेच तू गिळून बसलास."

सटवाची मान खाली गेली. ओढ्याचं पाणी त्याच्या पायांवरून चाललं होतं. येसा दगड डोक्यावर घेऊन तशीच उभी होती.

चिमाईनं काठीनं आपल्या वांग्यांच्या मागचा पडीक तुकडा दाखवला. "गावची शीव ओढ्याच्या त्या काठाला संपली. हितं पंच न्हाईत, हितं नाक माझं. ठिव बाई ते दगड, मान मोडंल." येसानं दगड उतरवले, तिथंच, पाण्याच्या कडेला, आणि त्यांच्यावर बसून रडली.

सटवा काही बोलायला गेला. म्हातारीनं त्याला हातानंच थांबवलं.

"उद्या पुन्हा कुणी भागीदार आला, तर घे," ती म्हणाली. "धा आले तर धा घे. पर कुंपण घालायचं ते समद्यांच्या भवतीनं घाल बाबा, समद्यांच्या मधी न्हाई."